खिडकीपाशी पडणारा काटा

दादाची खोली भाड्याने द्यायचं मी ठरवलं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या बंद दारासमोरून रोज एकटीने ये-जा करण्यापेक्षा परक्या माणसाचा खोकला परवडला. जाहिरातीसाठी फोटो हवे होते. भर दुपारी पडदे सारून मी त्याच्याच कॅमेऱ्यावर रोल काढला. ऑटोवर.

दादा हयातभर स्टुडिओत राबला, पण ऑटोला त्याने कधी हात लावला नाही. "उजेड आपण मोजायचा. यंत्राच्या भरवशावर राहिलं की तोंडावर पडतो माणूस," म्हणायचा.

फोटो आले. खिडकीकडचे तेवढे पांढरेफटक.

लॅबवाल्याने निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "ताई, समोर काहीतरी काळं होतं. कॅमेऱ्याला अंधार वाटला, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं."

"समोर नुसती पिवळी भिंत होती."

"मग आतला उजेड मोजणारा मीटर गेला असेल. मॅन्युअलवर बघा."

दादाने शिकवलं होतं तसं सगळं हाताने लावलं. फोटो नितळ आले. भिंत, खिडकी, मोकळी फरशी.

तिथेच सोडून द्यायला हवं होतं. पण मी हिशेब तपासणारी बाई. खातरजमा केल्याशिवाय घास उतरत नाही. कॅमेरा पुन्हा ऑटोवर टाकला आणि डोळ्याला लावून घरभर फिरले. स्वयंपाकघरात, जिन्यात, गच्चीत, काचेतून दिसणारा मीटरचा काटा कुठेही चुकला नाही. दादाच्या खोलीत कॅमेरा खिडकीकडे वळवला, की काटा खाली पडायचा. अंधार.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीपाशी पडला नाही. कपाटापाशी पडला.

"दादा?" मी म्हणाले.

कपाटापाशी काटा वर आला; कॅमेरा हळूहळू सरकवत नेला, तसा तो पुन्हा खिडकीपाशी पडला. तिथे दादा उभा राहून दाढी करायचा.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते इतकंच, की घरात कुणीतरी आहे. खोली बघायला येणार होता त्या भाडेकरूला नकार कळवला. ऑफिसातून आले की ऊन उतरायच्या आत खोलीत बसायचं, कॅमेऱ्यातून त्याला शोधायचं आणि दिवसभरातलं सांगायचं. असे कित्येक आठवडे गेले. मी पुन्हा दोन वेळा नीट जेवू लागले.

काल काटा दोन ठिकाणी पडला.

एक खिडकीपाशी, नेहमीसारखा.

दुसरा माझ्या आणि दाराच्या मध्ये.

मी हाक मारली. खिडकीकडचा काटा वर गेला. तिथे आता नुसता उजेड होता.

दाराकडचा हलला नाही.