पापनाशम्‌चे वेंकटेश

शेजारच्या चटईवर ते गृहस्थ येऊन बसले आणि माझी सौंदर्याआत्या डोळे मिटायचंच विसरली!

डॉक्टर म्हणाले होते, "गोळी वाढवण्याआधी मन शांत करून बघा." म्हणून आत्या कुंभकोणम्‌च्या महामहम् तलावाजवळच्या ध्यानवर्गात येत होती. शाळेला सुट्टी, म्हणून सोबत मी. शिकायचं काय, तर श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. पण आत्या खरंच बदलली हं! चिडचिड कमी, केसांत मोगरा... रक्तदाबही उतरत चाललेला.

"कोण गं ते?" मी कुजबुजले.

"वेंकटेश. कॉलेजातले. पापनाशम्‌हून गाडीनं यायचे. कावेरीच्या पुलावर माझ्यासाठी थांबायचे... रोज."

"मग?"

"मग काय! तमिळ मुलगा. अप्पांना सांगायची छाती नव्हती माझी."

म्हणून आत्यानं लग्नच केलं नाही? मला कधी कुणी सांगितलंच नाही!

"नंदिता, श्वास!" गोमती टीचर ओरडल्या.

ध्यान संपलं. टीचरनी वेंकटेशांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला, तसे ते कळवळले, "अगे आई! मेलों मी!"

मराठी! अगदी आमच्या घरातली!

आत्या ताडकन उठली. "तुम्ही... मराठी?"

"म्हणजे? तुम्हीही?"

उंबऱ्याबाहेर पडलं की तमिळ, ही आमच्या कुंभकोणम्‌च्या मराठी घरांची सवय. ही दोघं कॉलेजभर एकमेकांशी तमिळच बोलत राहिली! मला हसू येत होतं... आणि रडूही.

"मज वाटलं, तुमच्या घरी मराठी जावई चालायचा नाही," वेंकटेश म्हणाले.

"अहो, अप्पा मराठी मुलगाच शोधत होते!"

दोघं खूप हसली.

टीचरनी आत्याला पट्टा बांधला. "आज वाढला कसा?"

"श्वासाकडं लक्ष नव्हतं, टीचर," आत्या लाजून म्हणाली.

बाहेर तलावाच्या पायऱ्यांवर ऊन सांडलं होतं.

"घरात मी एकटाच," वेंकटेश चपला घालत म्हणाले. "परवा कोइंबतूरला भाच्याकडं चाललों. कायमचा."

आत्या पदराशी खेळत राहिली. मी तिला कोपरानं ढोसलं. बोल ना गं!

तिनं एक लांब श्वास घेतला... सोडला.

"नका जाऊं," आत्या म्हणाली. भर रस्त्यात, मराठीत.

वेंकटेशांनी भाच्याला कळवायला मोबाईल काढला. डोळे इतके भरलेले, की नंबर दिसेना. आत्यानं हात पुढं केला.

"द्या इकडं. मी लावते."