दीड मीटर अंतरावरून

"अरे, मर की एकदाचा!"

शलाका हातातल्या पुस्तकावर वैतागून ओरडली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मास्कवाला दचकला.

"कोण... मी?"

"अगंबाई, मराठी! सॉरी... तुम्ही नाही हो. पुस्तकातला हा घड्याळजी!"

दुसऱ्या लॉकडाउनमधली दुपार. डीमन या डच गावातल्या कालव्यावर धुकं रेंगाळलेलं. विद्यापीठ बंद, म्हणून शलाकाची पीएच.डी. अशी बाकावर चालली होती. विषय—आधुनिक इटालियन कादंबरीतलं मृत्यूचं भय.

मास्कवाला म्हणजे श्रीहर्ष. आइंडहोवनच्या चिप कंपनीत इंजिनियर, सध्या घरूनच काम.

"दीड मीटर अंतर ठेवून सोबत चालायला परवानगी आहे," तो म्हणाला. "सरकारची. तुमची?"

मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते. मग रोजच दोघं कालव्याकाठी चालू लागले.

एकदा तो मध्येच थांबला. "गेल्या एप्रिलमध्ये बाबा गेले, सांगलीत. विमानं बंद. सगळं फोनवर पाहिलं... तेव्हापासून वाटतं, आपलंही असंच, कधीही. तुमचे इटालियन काय म्हणतात यावर?"



"त्यांची माणसं मरणाला घाबरतात, असं मी लिहिते," ती हळूच म्हणाली. "पण खरी भीती वेगळीच असते... जगायचंच राहून गेलं तर? हा घड्याळजी आज मरेन, उद्या मरेन म्हणत लग्नसुद्धा पुढे ढकलतो."

"आणि ती? थांबते?"

"काही वर्षं..." शलाकाने नजर पाण्याकडे वळवली.

पुढच्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला—पॉझिटिव्ह, ताप आहे. आजवर भीती तिने फक्त वाचली होती.

मुगाच्या खिचडीचा डबा सायकलला अडकवून ती त्याच्या घरी पोचली. डबा दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि मागे सरून उभी राहिली. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत तो ब्लँकेट गुंडाळून आला.

"कशाला आलात एवढ्या थंडीत?"

तिने मास्क खाली ओढला. "श्रीहर्ष, मला तू आवडतोस. बरा झालास की सांगणार होते, पण... धीर नाही निघत."

तो कठडा धरून वाकला. "ऐकू नाही आलं."

"खोटं!"

"खोटंच... पण पुन्हा म्हण ना. मला कधीपासून हेच ऐकायचंय."

तिने पुन्हा म्हटलं—सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तो हसला, आणि हसता हसताच रडू लागला. शलाका खाली तशीच उभी राहिली, त्याचं रडणं पुरं होईपर्यंत.