चार बोटं सैल

त्या दुपारी दुकानाचं काचेचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा त्याच्या केसांतून पाणी टपकत होतं आणि एक हात पाठीमागे घट्ट दाबलेला होता.

“उसवली...” तो म्हणाला. “शिवण. उडी मारताना. शेजारच्या बंदिस्त तलावावर पोहायला शिकवतो मी — म्हणजे आत्तापर्यंत शिकवत होतो. वर्गातल्या आज्यांनी हसून हसून निम्मा तलाव प्यायला.”

मला हसू आवरेना. त्याला पडद्यामागे पाठवलं, त्यानं वरून चड्डी फेकली, आणि मी मशीनवर बसले.

“एवढे पोहायचे कपडे टांगलेत,” पडद्यामागून आवाज आला. “सगळे तुम्ही शिवलेत?”

“हो.”

“मग पोहायला कधी येता?”

“मी? छे! मी फक्त शिवते.”

“दिव्याखाली अंधार,” काजं करता करता माझी वहिनी पुटपुटली.

खरं सांगू? पाणी मला वेड्यासारखं आवडतं. पण घरात माझं नाव ढब्बू. लाडाचंच, तरी टोचायचं. आत्या एकदा म्हणाली होती, “तुझ्यासारखीनं झाकूनच राहावं गं.” आणि मी झाकूनच राहिले.

तो मग येतच राहिला. कधी बटण, कधी नाडी, कधी नुसता उसवलेला खिसा.

“या माणसाचं इतकं फाटतं तरी कसं?” मी म्हणायची.

“फाडतो गं बाई, मुद्दाम!” वहिनी म्हणायची, आणि माझे कान गरम व्हायचे.

“रविवारी सकाळी नवशिक्यांचा वर्ग असतो,” एकदा दारातून वळून तो म्हणाला. “खिडकीतून ऊन पाण्यावर पडतं ना, तेव्हा छतावर नुसत्या लाटा हलतात. त्या बघायला तरी या...”

त्या लाटा माझ्या स्वप्नात आल्या. मी गडद निळं कापड काढलं.

आता पोहायच्या कपड्याचं असं आहे — तो अंगाच्या मापापेक्षा कमीच बेतायचा, कारण ते ताणलं जाणारं कापड पाण्यात सैल पडतं. हे मी झोपेतही सांगेन. पण स्वतःचं माप घेताना मी आरशाकडे पाठ केली आणि सगळीकडे चार बोटं सैल सोडलं. वर पोट झाकायला झालर लावली.

रविवारी पहिली पायरी उतरले, दुसरी... गार, मऊ पाणी पोटऱ्यांना लागलं, जीव सुखावला. आणि मग कमरेएवढ्या पाण्यात उतरताच झालरीत हवा शिरली. कपडा फुगून थेट हनुवटीला आला! इकडून दाबावा तर तिकडून वर. कुणीतरी खुदकन हसलं. तोही हसला — ओठ चावून, पण हसला. मी कशीबशी बाहेर पडले आणि घरी उशीत तोंड खुपसून रडले. पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं. त्याचंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. हातात फाटकं काही नव्हतं.

“हसलो. चुकलंच माझं,” तो म्हणाला. “पण एक विचारू? माप कुणी घेतलं होतं?”

“मीच.”

“मग टेलर कच्ची आहे.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. “अख्खी गल्ली माझ्याकडे माप देते! आजवर माझं माप चुकलेलं नाही!”

“मग या एकाच गिऱ्हाइकाचं कसं चुकलं?”

डोळे भरून आले. “तिच्याकडे मला बघवत नाही,” मी म्हणाले.

“मला तर बघतच राहावंसं वाटतं,” तो हळूच म्हणाला. “रोज काहीतरी फाडून आणतो मी... ते कशासाठी वाटलं तुम्हाला?”

वहिनीला एकदम आत काहीतरी काम आठवलं.

“तुम्ही बघून नाही भागायचं,” मी नाक पुसत म्हणाले. “मलाच बघावं लागेल.”

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आरशासमोर उभी राहिले. दंड पाहिले, पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या. वाटलं, अगं बाई, एवढंच होय! याच्यासाठी इतकी वर्षं पाण्याला मुकले? मग टेप लावली आणि निळं कापड पुन्हा बेतलं. नियमाप्रमाणे, अंगापेक्षा कमी. झालर कचऱ्यात गेली.

पुढच्या रविवारी काठावरून चालत गेले. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि वर्गाला काय सांगत होता ते विसरला.

“काय बघताय?”

“शिवण...”

“खोटं.”

“हो. खोटं.”

त्यानं पाठीखाली तळवे धरले आणि मी आडवी झाले. कान पाण्यात बुडाले, जग शांत झालं. छतावर लाटा हलत होत्या. त्याचे हात कधी निघाले ते कळलंच नाही. मी तरंगत होते. सगळीच्या सगळी मी!

पाय टेकवून उभी राहिले. पाणी कमरेपर्यंतच होतं, बाकी सगळी उजेडात होते.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोल गं!” काठावरून एक आजी ओरडली. “आम्हाला ऐकू नाही आलं!”

मग मी मोठ्यानं म्हणाले. तो कानापर्यंत लाल झाला. “मला तर तुम्ही... पहिल्या दिवसापासून...” एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं, आणि आज्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर पायऱ्या चढून काठावर बसले, अंगावरून पाणी निथळत होतं. तो धावत आला.

“टॉवेल देऊ?”

“राहू दे,” मी म्हणाले. “बसा इथेच... ऊन छान आहे.”