पाच लिटरच्या गाडीची चाचणी

ही ऐकीव गोष्ट नाही. हॉरेस पिलिंग स्वतः तिथे होता. आणि भुतांना तो आपल्या मालकाइतकाच कमी मानायचा.

नोव्हेंबर १९८८. मंगळवार, दुपारचे तीन. इंग्लंडात लँकशरच्या किनाऱ्यावरची, विमानांची ओसाड धावपट्टी. दाट धुकं.

हॉरेस एका छोट्या कारखान्यात इंजिनं बसवायचा. वर्षाला जेमतेम चाळीस स्पोर्ट्‌स गाड्या बनायच्या. मालक गायल्स हॅलिवेल. गाडीत काहीही खोट निघो, त्याच्याकडे औषध एकच... आणखी मोठं इंजिन. साडेतीन लिटर झालं, चार झालं, आता पाच.

"अक्कल बसवता येत नाही ना, म्हणून इंजिन बसवतो," हॉरेस म्हणायचा.

सांगाड्याचं वेल्डिंग करणारा म्हातारा हेस्केथ मात्र तोंडावर बोलायचा.

"साहेब, बाबागाडीला रेल्वेचं इंजिन जोडताय. सांगाडा फाटेल."

"तू वेल्डिंग कर. विचार करायला मी आहे."

"तीच तर भीती आहे!"

त्याच वर्षी मार्चमध्ये हेस्केथ छातीच्या दुखण्याने गेला. हॅलिवेल दफनालाही फिरकला नाही. "कटकट मिटली," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी ट्रकमधून पाच लिटरची गाडी उतरवली. धावपट्टीवर हॉरेस आणि हॅलिवेल, दोघंच.

टण्...

टण्...

गाडीखालून.

हेस्केथ असाच हातोडीने एकेक सांधा वाजवून बघायचा; चिरलेला सांधा बद्द वाजायचा.

टण्...

थप्प.

हॉरेस आडवा होऊन खाली डोकावला.

कोणी नव्हतं.

पण एका सांध्याला केसाएवढी चीर होती.

"साहेब, गाडी काढू नका. सांधा गेलाय. आणि तो आवाज..."

"लोखंड तापलं की वाजतं, मूर्खा."

इंजिन अजून सुरूच केलेलं नव्हतं.

हॅलिवेल बसला आणि सुसाट सुटला. गाडी धुक्यात शिरली. आवाज चढत गेला... चढत गेला...

आणि थांबला.

धडक नाही. ब्रेक नाही. काहीच नाही.

हॉरेस शिव्या घालत धावला.

गाडी टोकाला सरळ उभी होती. त्याने बॉनेटला हात लावला...

बर्फासारखं गार.

हॅलिवेल आत होता. अंगावर ओरखडा नाही. पण शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून. चालकाची जागा रिकामी.

"साहेब, गाडी कोण चालवत होतं?"

"मला म्हणाला... सरक."

"कोण?"

हॅलिवेलने मान खाली घातली. पुढे कधीच सांगितलं नाही. पाच लिटरची ती गाडीही पुन्हा बाहेर काढली नाही.

"एवढी मिजास, आणि बसला होता शाळेच्या पोरासारखा!" हॉरेस तुच्छतेने सांगायचा.

मग आवाज खाली आणायचा.

कारण गाडीपर्यंत पोहोचण्याआधी, त्या धुक्यात, त्याने दार लागल्याचा आवाज ऐकला होता.

आणि कोणीतरी त्याच्या अगदी जवळून चालत गेलं होतं.