काळा पडलेला दोर

दोर तुटला रविवारी, आणि मंगळवारी सकाळी कोठीताई वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"संध्याकाळपर्यंत माझ्यावर तक्रार दाखल होणार आहे," त्या म्हणाल्या. "मी दोर कापून ठेवला म्हणे."

वहिनींनी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता त्या खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून वही घेऊन त्यांच्या मागे फिरत. लिहून घेण्यात भाऊजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातून अर्थ काढायचं काम मात्र वहिनींवर सोपवलेलं बरं, हे त्यांनी मनोमन कबूल केलं होतं.

ताईंनी सांगितलं ते असं. पंचवीस जणांचा त्यांचा गट दरवर्षी दोन दिवस दूरच्या रानात जातो, आणि तिथे एका काल्पनिक राज्यातली माणसं होऊन राहतो. कोणी सेनापती, कोणी वैद्य, कोणी हेर. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेली वाक्यं नाहीत. पण खेळ खोटा असला तरी रान खरं असतं. तिथे फोन लागत नाही, म्हणून तयारी दोन महिने चालते, आणि औषधांपासून तंबूंपर्यंत सगळं सामान कोठीत, ताईंच्या ताब्यात असतं, म्हणून गटात त्या कोठीताई. यंदा पाण्यासाठी तीस फुटांचा कडा उतरावा लागणार होता. ताईंनी नायलॉनचा नवा कोरा दोर आणला. रविवारी काही जण जागा बघायला गेले. गटाची प्रमुख, एक तरुण मुलगी, नियमाप्रमाणे आधी स्वतः उतरली आणि अर्ध्यावर दोर तुटला. कमरेचं हाड मोडलंय. ती पुन्हा चालेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

"तिच्याशी भांडण झालं होतं तुमचं?"

"झालं होतं. ती जागा मला पसंत नव्हती. कोणाचा जीव गेल्याशिवाय तुला कळायचं नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले." ताईंनी मान खाली घातली. "तक्रार तिचे वडीलच करताहेत."

कोठी म्हणजे एका सभागृहामागची लांबट खोली. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने वस्तू बघून खूण करायची. दोराची पिशवी मात्र ताईंनी उघडली नव्हती. ती कारखान्यातून गच्च बांधून आली होती, हाताला जड लागली, म्हणून त्यांनी खूण केली. हे सांगताना त्यांना रडू आलं.

"दोर कारखान्यात कशाला गेला?"

"जुना दिसेल असा करायला. आमच्या खेळात भडक रंग चालत नाहीत. हा नारिंगी होता."

तुटलेला तुकडा वहिनींनी हातात घेतला. तो आता तव्यासारखा काळा होता. तुटलेलं टोक पिंजलेलं होतं. वहिनींनी नख घासलं तर तंतूंचा भुगा पडला. कापडी पिशवीच्या तळालाही दोन-तीन भोकं होती.

"उंदीर," भाऊजी म्हणाले आणि तसं वहीत लिहिलंही. वहिनींनी भोकाच्या कडेला नुसतं बोट लावलं, तर कापड जुन्या कागदासारखं फाटत गेलं.

दोर बांधला होता गटाच्या वाटाड्याने. तो मोजकं बोलणारा माणूस. त्याने मोबाइलमधला फोटो पुढे केला. झाडाला मारलेली गाठ जशीच्या तशी होती, खाली हातभर दोर लोंबत होता. पिशवी आपण कड्यावरच उघडली, दोर तेव्हाही काळाच होता, असं त्याने सांगितलं.

दवाखान्यात मुलीने कोणी काही विचारायच्या आतच सुरुवात केली. "गाठ सुटली. मीच बांधली होती. कोणाचाही दोष नाही."

वहिनींनी तिला तो फोटो दाखवला. मुलीने तो बघितला आणि डोळे मिटून घेतले.

"तो काळा दोर हातात घेतलास तेव्हाच तुला शंका आली होती?"

"नाही. पडल्यावर आली," ती बोलून गेली. "ताईंना सोडवा. पण तेवढ्यावरच थांबा, मी तुमच्या पाया पडते."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "पोरगी ताईंना पाठीशी घालतेय, वहिनी. म्हणजे ताईंनीच काहीतरी केलंय."

"पाठीशी घालतेय हे खरं," वहिनी एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

मुलीचे वडील पत्र्याचे कारागीर. बायको गेल्यापासून मुलगी आणि हा खेळ, एवढंच त्यांचं जग. खेळाचं सामान जुनं दिसेल असं करायचं ते त्यांच्याच कारखान्यात. तिथे दोन सारखेच टब होते, दोन्हींत तपकिरी पाणी. एकात चहाच्या पाण्यात सदरे भिजत होते. दुसऱ्यात पत्र्याची शिरस्त्राणं गंजत पडली होती. फरशी धुण्याचं ॲसिड आणि लोखंडाचा कीस, तीन दिवसांत नवा पत्रा शंभर वर्षांचा दिसतो, असं कारागीर म्हणाले. दोरीवर वाळणारे सदरे बदामी होते, पण काहींवर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके पडले होते. वासाने भाऊजींना ठसका लागला. कारागिरांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचं नाक कधीच निकामी झालं होतं.

दोराचं विचारल्यावर ते उसळले. "मी फक्त रंगवला, चहाच्या पाण्यात. एकदा बुडवून रंग चढेना म्हणून पुन्हा दिवसभर बुडवून ठेवला. चहाने दोर तुटतो का हो? त्या बाईने माझी पोर अधू केली. मी तिला सोडणार नाही."

वहिनींनी दोन्ही टबांतलं थोडं थोडं पाणी मागून घेतलं आणि त्यांना तीन वाजता कोठीत यायला सांगितलं.

तीन वाजता कोठीत चौघेच होते. ताई कोपऱ्यात उभ्या, कारागीर त्यांच्याकडे पाठ करून बसलेले.

"दोर कोणीही कापलेला नाही," वहिनींनी सुरुवात केली. "कापला असता तर टोक साफ असतं. इथे तंतूंचा भुगा झालाय. आणि नेमकं त्याच पिशवीचं कापड विरलंय. उंदीर नव्हेत, भाऊजी. दातांनी कुरतडलेलं कापड बोट लावल्यावर फाटत जात नाही. कापड विरलं ते दोरातल्या ओलीने."

भाऊजींनी मुकाट्याने 'उंदीर' खोडलं.

"गाठ शाबूत आहे, तरी मुलगी म्हणते गाठ सुटली. कोणासाठी खोटं बोलतेय ती? ताईंसाठी म्हणावं, तर ताई सुटल्यावर पुढे शोधू नका अशी विनवणी कशाला? ताईंच्या पलीकडे कोणीतरी आहे, ज्याला हे कळू नये असं तिला वाटतं."

त्यांनी एका वाटीत चहाचं पाणी ओतलं. "चहाचा रंग बदामी. तुमचे सदरे तसेच आहेत. मग दोर काळा का?"

वहिनींनी दुसऱ्या टबातलं चमचाभर पाणी वाटीत सोडलं. बघता बघता वाटीतलं पाणी काळंभोर झालं.

"सदऱ्यांवरचे काळे ठिपके याचेच आहेत. चहात लोखंडाचं पाणी पडलं की असं होतं. पहिल्यांदा तुम्ही दोर चहातच बुडवलात. दुसऱ्यांदा टब चुकला. दोन्ही सारखे, पाणी दोन्हीकडे तपकिरी, आणि तुम्हाला वास येत नाही. त्या ॲसिडने नायलॉन आतून खाल्लं." वहिनींचा आवाज खाली आला. "तुम्ही मुद्दाम काहीच केलं नाहीत. चूक झाली."

कारागीर वाटीकडे बघत राहिले. भाऊजींना त्यांच्याकडे बघवेना.

"तिला माहीत आहे?" कारागिरांनी विचारलं.

"हो. काळा रंग कशाने येतो, ते तुमच्याच कारखान्यात शिकलीय ती. तुम्हाला कळू नये, एवढंच मागणं होतं तिचं. ते मला पाळता आलं नाही. ताईंचं आयुष्य त्यापायी गेलं असतं."

कारागिरांनी खिशातून तक्रारीचा कागद काढला, पण तो फाडायचंही त्यांना सुचेना. मग ते उठले आणि पहिल्यांदा ताईंकडे वळले.

"तुम्ही याल का माझ्याबरोबर?" ते म्हणाले. "दवाखान्यात. मला एकट्याला तिच्यासमोर जाववणार नाही."

दोन दिवस ज्या माणसाने आपल्याला खुनशी म्हटलं, त्याच्याकडे ताई क्षणभर बघत राहिल्या. भाऊजींना वाटलं, आता या तोंड फिरवणार.

"दुपारची भेटायची वेळ चारची आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी कारागिरांचा हात धरला.