आधी कंबर, मग खांदे

लेन्स फरशीवरून घरंगळत गेली आणि एका बुटाला टेकून थांबली.

चूक तिचीच होती. दुकानातली राखाडी सॅक कशी बसते ते पाहायला तिने आपला कॅमेरा, लेन्स, सगळा संसार तिच्यात भरला आणि चेन न लावताच सॅक उचलली. हा गाढवपणा प्रत्येक फोटोग्राफर कधी ना कधी करतोच. पण तिची ही पहिली वेळ नव्हती.

"लेन्सला पाय लावलात?" तिने विचारलं. घाबरली की ती उलट भांडायची.

"लावला नाही, आडवा घातला." तो वाकला आणि अंडं उचलावं तशी लेन्स दोन्ही हातांनी उचलली. कानाशी नेऊन हळूच हलवली. "काही सुटलेलं नाही. सुटलं असतं तर खुळखुळली असती."

"लेन्स डोळ्याला लावतात. कानाला नाही."

"ज्याची त्याची सवय." त्याच्या गळ्यात भलेमोठे हेडफोन होते. जंगलात बसून पक्ष्यांचे आवाज टिपणं हे आपलं काम, असं त्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात त्याचं बारसंही करून टाकलं – कानवाला.

कानवाल्याची नजर आता सॅकवर होती. "तुम्ही... हीच घेताय?"

"का?"

"मीही हिच्यासाठीच आलोय."

दुकानाच्या मालकीणबाईंनी गल्ल्यावरून मान वर केली. "पीस एकच आहे. कंपनीने मॉडेल बंद केलंय. आपसात ठरवा, आणि माझ्या दुकानात आवाज चढवू नका."

दुसरी कुठलीही वस्तू असती तर तिने दिली असती सोडून. पण या सॅकवर तिची सगळी मोहीम टांगलेली होती. किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जायचं, वाटेतल्या प्रत्येक दीपगृहाचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा – एकटीने. साप्ताहिकाच्या संपादकांनी पानं राखून ठेवली होती. आड येत होता तो उजवा खांदा. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर बॅग लटकवून तो कामातून गेला होता. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं, वजन कमरेवर घेणारी सॅक मिळाली तर जा, नाहीतर विसरा. आणि दादा तर टपूनच बसला होता. "खांदा दुखला तर मी गाडी घेऊन मागून येणार. सामान गाडीत, तू पुढे. कबूल?"

तिला कबूल नव्हतं. मागे लग्न ठरता ठरता राहिलं होतं तेही याच पायी. तो मुलगा भला होता, नेहमी तिची बॅग उचलायचा. मग बॅग त्याच्याकडे म्हणून कुठे थांबायचं तेही तो ठरवायला लागला. उजेड चांगला असायचा आणि ती म्हणायची, थांब ना... तोवर तो वळणापलीकडे गेलेला असायचा.

"टेकडीवर नेऊन बघू," ती म्हणाली. "जाताना मी, येताना तुम्ही. जिला नीट बसेल तिची."

"किंवा ज्याला."

"बघू."

मालकीणबाईंनी त्याची जुनी सॅक तारण म्हणून ठेवून घेतली आणि नवी रविवारच्या फेरीपुरती दिली. "चिखल लावून आणलात तर दोघांनाही विकेन," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी तो आधीच येऊन उभा होता. आकाश कुंद होतं. तिने सॅक पाठीवर चढवली, खांद्याचे पट्टे खसकन आवळले आणि चालू लागली. अर्ध्या चढावर उजवा खांदा ठणकायला लागला. मग जळायला लागला. तिने ओठ दाबून धरले. आता हा म्हणणार, द्या इकडे... म्हणूच दे, मग दाखवते.

तो फक्त थांबला. एका झाडाकडे पाहत, हातातला माइक तोलून धरत.

"काय झालं?" तिने कुजबुजत विचारलं.

"श्श. पक्षी."

ती टेकली. श्वास जागेवर आला. पक्षी गात राहिला, आणि इतका वेळ गप्प राहून कुणी कुणाजवळ बसू शकतं याचं तिला नवल वाटलं. शेवटी त्याने हेडफोन उतरवले.

"एक सांगू? सांगितलेलं आवडत नसेल तर नाही सांगत."

"सांगा."

"पट्टे उलटे आवळताय. आधी कंबर, मग खांदे. कमरेचा पट्टा हाडावर बसवून घट्ट करा, मग खांद्याचे नुसते टेकवा."

तिला रागच आला. स्वतःचा. एवढी वर्षं एका खांद्यावर ओझं वाहिलेल्या माणसाला सगळं खांद्यानेच पेलायची खोड लागते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने सगळे पट्टे सोडले. कंबर कसली. खांदे सैल ठेवले. आणि... सॅक जणू कुणी खालून अलगद उचलून धरली.

"अगं बाई!"

"बसली?" तो हसला. हसताना त्याचा एक कान किंचित हलायचा. हे टिपायला कॅमेरा हवा होता आणि कॅमेरा नेमका सॅकमध्ये.

माथ्यावर पोचल्यावर पावसाची भुरभुर आली. सॅकच्या तळातून पावसाचं कव्हर काढून दोघांनी दोन टोकं धरून ते ओढलं. बोटांना बोटं लागली. कुणीच घाईने हात मागे घेतला नाही.

"उचलू का, असं एकदाही विचारलं नाहीस," ती म्हणाली. 'तुम्ही' वाटेत कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"तू उचल म्हणाली नाहीस." त्याच्या मात्र लगेच ध्यानात आलं.

उतरताना सॅक त्याच्या पाठीवर होती. त्याचे मायक्रोफोन आत, तिचा कॅमेरा तिच्या हातात. ती मागून फोटो काढत राहिली.

"कशी बसते?" पायथ्याशी आल्यावर तिने विचारलं.

"झकास," तो म्हणाला. "अगदी मापाची. म्हणजे... ठरवायला अजून एक फेरी मारावी लागणार."

घरी येऊन तिने फोटो मोठे करून पाहिले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, आणि ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. कानवाला चांगला उंच होता. सॅक आखूड पाठीची. कमरेचा पट्टा कमरेवर नव्हताच, चक्क पोटावर चढून बसला होता. त्याच्या जागी शेंबडं पोर असतं तरी त्याला कळलं असतं की ही आपली सॅक नव्हे. आणि हा तर दुसऱ्यांना पट्टे शिकवणारा!

दुसऱ्या दिवशी तो सॅक घेऊन दुकानात आला तेव्हा तिने फोटो त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

तो फोटोकडे पाहत राहिला. कान लाल झाले. आधी एक, मग दुसरा.

"खोटं बोललास."

"बोललो."

"कधी कळलं तुला?"

"इथेच. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा." त्याने घसा साफ केला. "पण तुझी म्हणून सोडून दिली असती तर तू पैसे भरून निघून गेली असतीस. मला... मला तेवढ्यावर संपवायचं नव्हतं."

गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच मला दिसलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही."

"फसवलेलं मला चालत नाही," ती म्हणाली. आवाज ताठ होता. "फोटो काढणाऱ्या बाईसमोर तर अजिबात नाही. पुन्हा काही हवं असेल तर सरळ मागायचं."

"सरळ मागतो. तुझ्याबरोबर चालायचंय मला. या वेळी नाही, ही वाट तुझी आहे. पण पुढे... कुठेही. तू थांबशील तिथे मी थांबेन. मला थांबायची सवय आहे, पक्षी काय आपल्या वेळापत्रकाने गात नाहीत."

तिने सॅकचे पैसे भरले, पट्टा नीट गुंडाळला आणि दाराशी जाऊन ती वळली. "बस उद्या सकाळची पहिली आहे. निरोपाला यायला हरकत नाही."

स्टँडवर दादा आधीच हजर होता, गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवत. "चिमणे, अजून विचार कर. आणि हा कोण? हमाल केलास की काय?"

"हमाल नाही, दादा," कानवाला म्हणाला. "माझ्याकडून उचलून घेतील अशा या नाहीतच. आणि चिमण्यांचे आवाज माझ्याकडे भरपूर आहेत, यांच्यासारखा ठाम एकही नाही."

दादाने त्याला खालून वर न्याहाळलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. "याला कळलंय वाटतं," तो पुटपुटला.

तिने सॅक चढवली. आधी कंबर, मग खांदे. खांदा गप्प होता. बसची पायरी समोर होती. तिने पाऊल उचललं.

"थांब," तो म्हणाला. "मोठी चेन पुरती लागली नाही. लावताना आवाज मधेच तुटला."

दादा हात पुढे करणार तोच तिने त्याला नजरेने थोपवलं. मग ती कानवाल्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याने चेन शेवटपर्यंत ओढली, सावकाश, आणि हात काढून घेतला. सॅकला त्याने आधार दिला नाही, वजन तोलूनही पाहिलं नाही.

"शेवटच्या दीपगृहापाशी येशील?" तिने समोर पाहतच विचारलं.

"येईन."

"तुझं सामान घेऊन ये. तिथून पुढेही किनारा आहे."

ती पायरी चढली. खिडकीशी बसताना तिने सॅक मांडीवर घेतली आणि त्या चेनवर हात ठेवला. बाहेर कानवाला मालकीणबाईंच्या दुकानाच्या दिशेने निघाला होता – जरा लांब पाठीची सॅक मिळते का पाहायला.