खुडूक कोंबडीची साक्ष

"आणखी दोन अंडी गेली!"

रंगूआजीच्या आवाजानं खुराडं दणाणलं. नववीतली संयोगिता दप्तर ओसरीवर फेकून धावली.

चौऱ्याण्णवचा श्रावण. घरात महिनाभर अंडं वर्ज्य, म्हणून तीन दिवसांपूर्वी आठही अंडी खुडूक कोंबडीखाली पिल्लांसाठी ठेवलेली. दादानं, म्हणजे धैर्यशीलनं, द्राक्षाच्या खोक्यांची नवी पेटी करून दिली. आत उसाचं पाचट घातलं, पेटी खुराड्याच्या फळीच्या भिंतीला ठोकली. आता चारच अंडी उरली होती!

"मनू, खुराडं तूच झाडतीस. उद्यापासनं येऊ नगंस."

मनुबाई हातातल्या खराट्यासकट पुढे आली. "आवं आत्याबाई, देवाशप्पत मी न्हाई! पंधरा वर्सं राबले. पोरींनी खायाचं काय?"

"आजी, थांब!" संयोगितानं कमरेवर हात ठेवले. वक्तृत्वात पहिली आल्यापासून ती कुणाला घाबरत नव्हती. "तुझ्या मनगटाला काय झालं?"

"दाणं टाकाय गेले, तर त्या भवानीनं फोडलं."

"मावशी, तुझे हात?"

मनुबाईनं पुढे केले. राखेनं भुरकटलेले, पण ओरखडाही नाही.

तेवढ्यात फळीपलीकडच्या खोलीतून धैर्यशील बाहेर आला. घामानं निथळत. त्यानं कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला अडकवली.

"दादा, खुराड्यात गेला होतास?"

"पेटी ठोकली, तवापासनं पाऊलबी न्हाई. का गं, फौजदारीणबाई?"

त्याचेही हात स्वच्छ. संयोगितानं पेटीत हात घातला. खटाक!

"आई गं!" बोट चोखतच ती हसली. "दादा, किल्ली दे."

"कशाला?" तो एकदम मागे सरला.

आजीनं नुसते डोळे वटारले. किल्ली आली.

खोलीत व्यायामाचं मुद्गल, दुधाचा तांब्या आणि भिंतीत एक फळी. तिला जुन्या चपलेच्या कातड्याची बिजागरी! संयोगितानं ढकलली. पेटीला मागची बाजूच नव्हती; पलीकडे थेट कोंबडीची शेपटी.

"पुढनं हात घालणाऱ्याला ती फोडतेच. आजीला फोडलं, मला फोडलं. मावशीच्या हाताला खूण न्हाई, म्हणजे तिनं हात घातलाच न्हाई. चोर मागनं आला, तिथं चोच पोचत न्हाई. आन या खोलीची किल्ली एकाच्याच कमरेला!"

तिनं तांब्या उपडा केला. अंड्यांची टरफलं खाली सांडली.

धैर्यशीलची मान खाली गेली. "नागपंचमीला कुस्ती हाय गं. श्रावणात आजीपाशी अंडं कोण मागंल?"

"आन मनूवर आळ आला, तवा जीभ कुठं गेलती रं पैलवानाची?"

आजीनं मनुबाईच्या हातातून खराटा काढून नातवाच्या हातात कोंबला. "महिनाभर खुराडं तूच झाडायचं, त्येबी पुढच्या दारानं. मनू, माझं चुकलं बाई. बस, च्या घे."

धैर्यशील वाकला. पहिली चोच नाकावरच बसली.